मधल्या सुट्टीची किल्ली

पिंपरवाडी, ता. माण, जि. सातारा
९ जुलै २०२३

चि. सपना हीस,
आशीर्वाद आणि जयभीम.

परवा तू फोनवर काय बोललीस ते मला 'हॅलो आबा, हॅलो आबा' एवढंच ऐकू आलं. कानाचं मशीन लावलं की शिट्टी वाजते, काढलं की सगळा गाव मुका होतो. म्हणून पत्र. शेजारच्या धोंडिरामनं तुझं बोलणं ऐकून मला ओरडून सांगितलं, तेव्हा निम्म्या गावाला कळलं की गुरुजींच्या नातवाला पुन्हा उन्हाळी लागली, लघवीला जळजळतंय आणि ताप आहे.

पोरी, उन्हाळी वैशाखात लागली तर समजतो. भर पावसाळ्यात कशी लागते? आणि वर्षात कितव्यांदा? धोंडिराम म्हणाला, प्रितम शाळेत पाण्याची बाटली भरून नेतो आणि तशीच भरलेली परत आणतो. हे ऐकून मला आधी हसू आलं आणि मग राग. माझा बाप पोरसवदा असताना महाडला चालत गेला होता. ओंजळभर पाणी पिऊन आला आणि पाठीवर वळ घेऊन आला. त्याचा पणतू नववीत शिकतो, खांद्याला स्टीलची बाटली लटकवतो आणि झाकण उघडायचा कंटाळा करतो. त्याला सांग, आबा आला की कान धरून प्यायला लावील.

धने-जिरे भिजवून पाणी दे. सब्जा दे. मी वाळ्याची जुडी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. विशालरावांना जयभीम सांग. एअरपोर्टवरच्या रात्रपाळ्या सोसतात का त्यांना?

सहा डिसेंबरला दरवर्षीप्रमाणे तुझ्याकडेच उतरेन. तोवर पोरगा ठणठणीत पाहिजे.

तुझा,
आबा


पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
२३ जुलै २०२३

आदरणीय आबांस,
सविनय जयभीम.

वाळा मिळाला. माठात टाकला, घरभर वास सुटला. प्रितम आता बरा आहे. रिपोर्ट आमच्याच लॅबमध्ये काढला. मी मुलुंडला दिवसभर लोकांच्या लघवीच्या बाटल्यांवर नावं चिकटवत बसते ना, त्यातच एक आपल्या घरची. इन्फेक्शन निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तुमच्यासारखंच सांगितलं, पाणी पी.

पाणी पीत नाही कारण विसरतो, दुसरं काही नाही. आजकालची मुलं, तुम्हाला माहीत आहे. तसं शाळेचं टॉयलेटही जरा घाणच असतं. पण अभ्यास झकास चाललाय. वक्तृत्वात पहिला आला. मराठीच्या दीप्ती मॅडम त्याच्यावर खूश असतात. केस मात्र वाढवलेत, त्यावरून बापलेकांचं रोज वाजतं.

तुम्ही काळजी करू नका. उगाच धोंडिरामकाकांना ओरडायला लावू नका.

तुमची,
सपना


पिंपरवाडी
६ ऑगस्ट २०२३

चि. सपना हीस,
आशीर्वाद व जयभीम.

'जरा घाण' असं तू लिहिलंस, ते मी 'फार घाण' असं वाचलं. तुझा बाप जन्मभर मास्तर होता. शाळेच्या मुतारीत पाऊल ठेवलं की कळतं हेडमास्तर कसा आहे. मी पिंपरवाडीच्या शाळेत असताना शनिवारी स्वतः फिनेल ओतायचो, आणि पाटलाचा पोरगा असो की आपला, पाळीनं बादली धरायला लावायचो.

आता गंमत ऐक. तुमच्या शाळेचा मुख्याध्यापक कोण आहे? नंदकुमार. अगं, माझ्या हाताखाली चौथी पास झालेला पोरगा तो! मळ्यातून मीच त्याला ओढून शाळेत आणलेला. त्याच्या बापानं मला दोन शिव्या दिल्या होत्या, पुढं पाया पडला. अजून दिवाळीला नंदूचं कार्ड येतं मला, त्यावरचा शाळेचा पत्ता आत्ता नीट वाचला. तू मला हे आधी का सांगितलं नाहीस? मी त्याला एक पत्र टाकतो. गुरुजींचा शब्द तो खाली पडू देणार नाही. मुताऱ्या आरशासारख्या होतील बघ.

तुझा,
आबा


घाटकोपर
१४ ऑगस्ट २०२३

आबा,

मायना लिहीत बसत नाही. नंदकुमार सरांना पत्र टाकू नका. टाकलं असेल तर धोंडिरामकाकांना मला लगेच फोन करायला सांगा. फक्त 'टाकलं' किंवा 'नाही' एवढंच बोलायला सांगा, बाकी गावाला काही कळता कामा नये.

मी मागच्या पत्रात अर्धंच लिहिलं. टॉयलेट घाण आहे, पण प्रितम त्यासाठी पाणी सोडत नाही. तो मुलांच्या टॉयलेटमध्ये जातच नाही. मागच्या वर्षी पोरांनी बाहेरून कडी लावली. तास सुरू झाला तरी हा आतच. वरून भिजवलेले कागदाचे बोळे फेकत होते आणि 'ए बायल्या' म्हणून ओरडत होते. शिपायानं काढलं. तेव्हापासून तो सकाळी चहासुद्धा घेत नाही आणि शाळा सुटून घरी येईपर्यंत कळ काढतो. तुमची उन्हाळी ती ही, आबा.

मी म्हटलं, सरांकडे तक्रार करू. तेव्हा तो म्हणाला, 'आई, तक्रार काय करणार? मी मुलगाच नाहीये. मी मुलगी आहे, पहिल्यापासून. तुला माहीत आहे.' मी हसले, आबा. मग बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण मला खरंच माहीत होतं. विशालना सांगितलं तर त्यांनी रात्रपाळीची बॅग भरली. मग एवढंच म्हणाले, त्याचे केस काप. मी कापले नाहीत.

आता नीट ऐका. दीप्ती मॅडमच्या लक्षात आलं. त्या मधल्या सुट्टीत 'वह्यांचा गठ्ठा वर आणून ठेव' असं सांगून त्याला बोलावतात आणि स्टाफच्या टॉयलेटची किल्ली हळूच हातात देतात. कोणाला माहीत नाही. सरांना माहीत नाही की माहीत असून ते बघत नाहीत, तेही मी विचारत नाही. आता बाटली रिकामी येते, आबा. मी रोज संध्याकाळी दप्तरातून काढून हलवून बघते.

असंच दहावीपर्यंत निभावलं की झालं. मला बाकी काही नको. तुम्हाला कसं वाटेल मला कळत नाही. राग आला तर माझ्यावर काढा, पण पत्र टाकू नका.

सपना


पिंपरवाडी
२९ ऑक्टोबर २०२३

चि. सपना हीस,
आशीर्वाद व जयभीम.

तेव्हा धोंडिरामनं फोनवर 'नाही' सांगितलं ते खरं होतं. मुताऱ्यांबद्दलचं पत्र मी चुलीत घातलं. त्यानंतर तुला लिहायला घेतलेली पत्रंही चुलीतच गेली. तुझ्यापासून काय लपवू? आधी राग आला. प्रितमचा नाही, तुझाही नाही, कोणाचा ते कळेना. मग भीती वाटली.

आपल्या भावकीत एक म्हादू होता. माझ्याबरोबर दुसरीपर्यंत पाटी घेऊन शेजारी बसायचा. चालणं-बोलणं मुलीचं. घरच्यांनी त्याला देवीला सोडला, जोगता केला. लुगडं नेसवलं, हातात परडी दिली आणि तो दारोदार जोगवा मागत फिरला. आम्ही पोरं त्याच्या मागं खडे मारत धावायचो. पुढं आपल्या वस्तीनं धम्म घेतला, देव-देव्या नदीत सोडल्या, पण म्हादूला परत वर्गात आणावं असं कोणाला सुचलं नाही. तो कुठं मेला तेही ठाऊक नाही. तुझं पत्र वाचल्यापासून तो माझ्या डोळ्यांपुढं बसलाय.

दसऱ्याला दहिवडीला गेलो होतो. तिथं आपल्या वकिलाकडून दोन हजार एकोणीसचा कायदा मागून घेतला, भिंग लावून वाचला. त्यात अशा लेकरांना तृतीयपंथी म्हणतात. मी वकिलाला म्हटलं, हा तिसरा पंथ काढला कुणी? आमचं लेकरू पहिल्याच रांगेत बसतं. पण कायदा चांगला आहे, सपना. शाळेनं भेदभाव करायचा नाही असं लिहिलंय. नियमांत स्वच्छतागृहाचीही सोय सांगितलीय. म्हणजे आपल्या प्रितमचा तो हक्क आहे.

मग ते लेकरू वह्यांच्या गठ्ठ्याआड लपून का जातं? आज दीप्ती मॅडम आहेत. उद्या त्यांची बदली झाली की? किल्ली हा उपकार आहे. देणारा हात मागं घेऊ शकतो. आपल्या माणसांनी उपकाराचं पाणी नाकारलं म्हणून आज आपण नळाचं पितो. मी जन्मभर पोरांना हेच शिकवलं, आणि माझ्याच घरात चोरून चाललंय हे मला सोसवेना.

म्हणून मी नंदकुमारला रीतसर अर्ज केला आहे, कायद्याच्या कलमांसह. एक प्रत वरच्या शिक्षण ऑफिसला पाठवली. त्यात स्पष्ट लिहिलं, 'माझी नात कु. प्रितम हिला तिच्या हक्काचे स्वच्छतागृह मिळावे.' नात हा शब्द लिहिताना हात थोडा थांबला, पण लिहिला. मॅडमच्या किल्लीचाही उल्लेख केला आहे, कौतुकानंच. अशा शिक्षिका आहेत हे वरच्यांना कळू दे.

तू रागावशील. रागाव. पण एकदा कागदावर आलं की कोणाची टाप नाही हलवायची.

तुझा,
आबा


घाटकोपर
२७ नोव्हेंबर २०२३

आबा,

अर्ज मिळाला. नंदकुमार सरांनी त्याला आवक नंबर घातला. मला ऑफिसात बोलावून म्हणाले, 'ताई, दुसऱ्या कोणाचा असता तर मी ड्रॉवरमध्ये ठेवला असता. गुरुजींनी मला घडवलं. त्यांचा कागद मी दाबणार नाही.' तुमचाच विद्यार्थी. अगदी तुमच्यासारखा.

त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग लावली. नियमाप्रमाणे पालक आले, माजी नगरसेवकाची माणसं न बोलावता आली. तुमचा अर्ज सरांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. सर वाईट नाहीत. त्यांना वाटलं गुरुजींचे शब्द ऐकून लोकांना समजेल. एक बाई उठून म्हणाली, 'आमच्या मुलींना पाळीच्या दिवसांत पण मॅडम लोकांचं टॉयलेट मिळत नाही, मग या पोरालाच कशाला?' तिचंही खरंच आहे ना. मग कोणीतरी मागून टाळी वाजवली. तुम्हाला कळतं ना कसली टाळी. आणि सगळे हसले.

वरच्या ऑफिसचं उत्तर आलं. कायद्यात तरतूद आहे असं तेही म्हणतात. शाळेनं वेगळ्या टॉयलेटचा प्रस्ताव पाठवावा. मंजुरी येईपर्यंत विद्यार्थ्यानं शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीप्रमाणे टॉयलेट वापरावं. रजिस्टरमध्ये 'मुलगा' आहे. नोंद बदलायची तर कलेक्टरचा दाखला आणा, त्याला आई-वडील दोघांची सही. विशाल सही करत नाहीत. दीप्ती मॅडमना मेमो मिळाला, विनापरवानगी विद्यार्थ्याला किल्ली दिली म्हणून. किल्ली आता सरांच्या टेबलामागच्या भिंतीवर खिळ्याला लटकवलीय. तिथं सगळ्यांना दिसते.

प्रितमनं पुन्हा पाणी सोडलं. मला सांगितलं नाही. घरी येताना बाटली नळावर ओतून टाकायचा, म्हणजे मला रिकामी दिसावी. मी रोज हलवून बघत होते, आबा, आणि खूश होत होते.

शुक्रवारी शाळेतच पडला. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. आता हॉस्पिटलमध्ये आहे, सलाईन चालू आहे, ताप उतरत नाही. पुरुषांच्या वॉर्डमध्ये ठेवलंय. मी हे त्याच्या उशाशी बसून लिहितेय.

तुम्ही बरोबर आहात. प्रत्येक शब्द बरोबर आहे. मी चार दिवस शोधतेय तुमच्या अर्जात काय चुकलं, मला एकही चूक सापडत नाही. पण माझं चालू होतं ना, आबा. चोरून का होईना, चालू होतं. माझं लेकरू पाणी पीत होतं.

यंदा सहा डिसेंबरला आमच्याकडे उतरू नका. विशालचा राग आहेच, पण मीही तुमच्यापुढे ताट ठेवू शकणार नाही.

सपना


पिंपरवाडी
१२ डिसेंबर २०२३

चि. प्रितम हीस,
आबाचा खूप खूप आशीर्वाद. जयभीम.

बाळा, तुझी आई मला पत्र लिहीत नाही, म्हणून तुलाच लिहितो. धोंडिरामनं फोन करून विचारलं तेव्हा तू घरी आलीस असं कळलं. ते ऐकून मी ओट्यावर बसून रडलो. रडायला ऐकू यावं लागत नाही.

मी सहा तारखेला आलो होतो. दादरला रांगेत उभा राहिलो, बाबासाहेबांना वंदन केलं, मंडपात जेवलो. रात्री शिवाजी पार्कवर आपल्या लोकांत झोपलो. घाटकोपर तिथून किती लांब? पण आईनं नको म्हटलं होतं. मी चैत्यभूमीवर दरवर्षी काहीतरी ठरवून येतो. यंदा काही ठरवता आलं नाही. नुसताच उभा राहिलो.

मी तुला न विचारता तुझ्याबद्दल अर्ज लिहिला. तुझ्या आईला विचारलं नाही, तुलाही नाही. मला वाटलं, कायदा आहे म्हणजे दार आहे. दाराआड कोण उभं आहे ते मी पाहिलं नाही. जो त्रास झाला तो तुझ्या अंगाला झाला. मला तर फक्त पोस्टाचं तिकीट लागलं. माफ कर म्हणायची लाज वाटते, तरी म्हणतो. माफ कर, बाळा.

आता एक सांगतो, ऐक. इकडे ये. घर रिकामं आहे, तुझ्या आजीची खोली तशीच आहे, संडास घरात आहे आणि त्याला आतून कडी आहे. मी तुला शिकवीन. गणित माझं अजून पक्कं आहे, इंग्रजीला धोंडिरामची सून येईल. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसू. केस हवे तेवढे वाढव. पंजाबी ड्रेस घाल. कोणी काही बोललं तर मी आहे. हा म्हातारा बहिरा आहे, पण गावात अजून त्याच्यापुढं कोणी आवाज चढवत नाही.

पाणी पी. हे मी आता कोणत्या तोंडानं सांगू? तरी पी.

तुझा,
आबा


घाटकोपर
३ मार्च २०२४

आबा,
जयभीम.

सॉरी, खूप उशीर केला. तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं. 'प्रितम हीस' एवढंच आधी खूप वेळा वाचलं.

मी बरी आहे. एक किडनी थोडी वीक झालीय, डॉक्टर म्हणतात जपायचं. पाणी भरपूर पिते. आता काय प्रॉब्लेम, दिवसभर घरीच असते. शाळा सोडली. पप्पांनी शाळा सोडल्याचा दाखला आणला. त्यावर 'मुलगा' आहे म्हणे, मी बघितला नाही, आईनं कपाटात वर ठेवलाय. पप्पा आता केसांवरून बोलत नाहीत. मी समोर आले की टीव्हीचा आवाज वाढवतात. आई कामावरून आली की आधी माझ्या कपाळाला हात लावते, मग चपला काढते.

नंदकुमार सर घरी आले होते. खूप वेळ बसले, चहा घेतला नाही. सतरा नंबरचा फॉर्म ते पण म्हणाले. टॉयलेटची मंजुरी अजून आली नाही, फाइल वर आहे म्हणाले. दीप्ती मॅडमची बदली मानखुर्दला झाली. जाताना त्यांनी मला मेसेज केला होता, 'तुझा आवाज वर्गात ऐकू येत नाही.' यार आबा, मला शाळा आवडायची. परीक्षेसाठी नाही. बाकावर बसायला, प्रतिज्ञा म्हणायला, निबंध वाचून दाखवायला. ते बाहेरून बसून होत नाही ना. घरी मी कुणाला वाचून दाखवू?

तुम्ही माफी मागितली म्हणून सांगते. मीटिंगच्या दिवशी मी ऑफिसच्या बाहेर बाकावर बसले होते. दार उघडं होतं. सर वाचत होते, 'माझी नात कुमारी प्रितम हिला.' एवढ्या लोकांसमोर मोठ्यानं कोणी मला असं कधीच म्हटलं नव्हतं. मला इतकं भारी वाटलं, आबा, मी उठून उभीच राहिले. मग आत हसले सगळे. पण ते हसायच्या आधी थोडा वेळ होता. तेवढा वेळ मी खूप खूश होते. मला तुमचा राग नाही. आईला पण सांगितलंय, ती लिहील तुम्हाला, थांबा थोडं.

पण मी गावाला येणार नाही.

मी खूप विचार केला. तुम्ही मला शिकवाल, मला जपाल, मला सगळं माहीत आहे. पण मी पंजाबी ड्रेस घालून ओट्यावर बसले असेन आणि येणारा-जाणारा विचारेल, गुरुजी, ही कोण? तुम्ही म्हणू शकाल, भाची आहे, पाहुणी आहे, मुंबईची आहे. कोणीपण असंच म्हणेल. तुम्ही नाही म्हणणार. तुम्ही चष्मा काढून त्याला समोर बसवाल आणि खरं सांगाल. कायदा पण सांगाल. तुम्ही इतके चांगले आहात ना आबा, की मला तुमच्याजवळ राहायची भीती वाटते.

तब्येतीला जपा. मशीनचे सेल बदलून घ्या.

तुमची नात,
प्रितम